काहीच लक्षात न ठेवणारी वेबसाइट

काहीही लक्षात ठेवायचं नाही, एवढंच आमच्या वेबसाइटचं काम. आणि नेमके तिचेच किस्से सगळ्यात जास्त साठलेत!

बरकतपुऱ्यातलं आमचं महिला सल्ला केंद्र म्हणजे दोन खोल्या आणि बाहेर एक व्हरांडा. ते चालवतात वसुधाताई, पिढीजात हैदराबादी मराठी. मी पुण्याहून आयटीतल्या नोकरीसाठी आलेली. दर शनिवारी ऑफिसातल्या श्रीकांतला धरून आणते आणि आम्ही दोघं केंद्राची साइट सांभाळतो. घरात छळ होणाऱ्या बायका तिथे मदत मागतात. पण फोन बहुतेक घरात एकच, आणि तो सगळे उघडून बघतात! ज्यांचे किस्से आहेत त्यांना विचारूनच सांगतेय. नावं मात्र विचारू नका, बरीचशी मलाही माहीत नाहीत.

* * *

सुरुवातीला साइटवर एक लाल बटण होतं. कुणी जवळ आलं की दाबायचं, लगेच स्क्रीनवर मिरची का सालनची रेसिपी!

एकदा नारायणगुड्याहून एका बाईंचा फोन आला. "ताई, रेसिपी बदला हो! नवरा म्हणतो, रोज बघतेस तर कर की. आठवडाभर सालनच करायलेय. त्याला ॲसिडिटी झाली!"

वसुधाताईंनी फोनवर हात ठेवला आणि मला म्हणाल्या, "नक्को बदलू गं. बटण चांगलं काम करायलंय!"

* * *

पण बटणाने हिस्टरी पुसली जात नाही. मग एका ब्राउझरमध्ये नवीन सोय आली. साइटनेच आधी कळवायचं, की बाबा रे, मी नाजूक विषयाची आहे. मग ब्राउझर येणाऱ्या बाईला विचारतो, "नोंद न ठेवता उघडू का?" तिने हो म्हटलं की मागे काही उरत नाही.

श्रीकांतने ते बसवलं आणि स्वतःच्या लॅपटॉपवरून ट्रस्टींना मोठ्या स्क्रीनवर दाखवलं. साइट उघडली, बंद केली, ऐटीत हिस्टरी उघडली. आमची साइट कुठेच नव्हती. बाकी सगळं होतं! 'आईला लग्नाला नाही कसं म्हणायचं.' 'गेलेले केस परत येतात का.' 'आईला लग्नाला हो कसं म्हणायचं.'

सगळ्यात वयस्कर ट्रस्टींनी चष्मा पुसला. "साइट पास. आधी ह्यालाच सल्ल्यासाठी नंबर द्या!"

* * *

आता नवीनच परेशानी. फोनला पत्ता आठवेना, तसा बायकांनाही आठवेना! मग कोठीच्या बाजारातल्या एका लेडीज टेलरच्या ट्रायल रूममध्ये आम्ही साइटच्या पत्त्याची चिठ्ठी लावली. तिथे पुरुष जात नाहीत.

पुढच्याच आठवड्यात टेलरचा फोन. "मॅडम, वो चिठ्ठी निकालो! फॉल लगाने आते, साडी लेके ट्रायल रूम में जाते! बाहर सासां-बहुआं लाइन में खडे!"

वसुधाताईंनी त्याला एक बाक पाठवून दिला.

* * *

साइटच्या चॅटवर खरं नाव द्यायचं नसतं. इडली, टेन्शन, काहीही चालतं. एका इडलीला मी विचारलं, "काल नवरा काय म्हणाला?" उत्तर आलं, "अय्यो! माझं लग्न कधी झालं?" ही इडली वेगळीच होती!

मी श्रीकांतवर चिडले. 'हे नाव आधीच घेतलंय' असं साइटला सांगता येत नाही का?

"नाम लिया बोलके बताना है तो नाम याद रखना पडता ना मॅडम! वोईच तो नहीं रखना है!"



* * *

त्यातच एक 'जास्वंद' आली. तिने लिहिलं, "नवरा ऑफिसातून आला की आधी फोन तपासतो, मग चहा मागतो. दिवसभर फोन सासूबाईंपाशी असतो. भावाला फोन केलेला दिसला, तेव्हा त्याने माझा हात पिरगाळला होता. हे खरंच दिसणार नाही ना?"

श्रीकांतने सगळं पुन्हा तपासलं. दुसऱ्या दिवशी तिचा मेसेज आला. "त्याने बघितलं. मग चहा मागितला." मला रडूच आलं.

पुढे जास्वंद कधी लिहायची, "मला इथून निघायचंय." कधी लिहायची, "त्याला कळू न देता तिला घराबाहेर कसं काढू?" मी गोंधळले.

"भीतीपोटी बायका स्वतःलाच 'ती' म्हणतात गं," वसुधाताई म्हणाल्या. आम्ही तिला शनिवारी केंद्रात बोलावलं. दोनदा विचारलं, दोनदा होकार आला.

शनिवारी व्हरांडा भरलेला. हातात फॉलच्या साडीची पिशवी घेतलेली एक मुलगी खांबाआड अंग चोरून बसली होती. दुसऱ्या टोकाला फुलांची परडी घेतलेल्या एक आजी होत्या.

वसुधाताईंनी दारातून हाक मारली, "जास्वंद कोण?"

दोघी उठल्या.

मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. आजींनी तिच्याकडे बघितलं. "सूनबाई, तू तर कोठीला गेली होतीस ना?"

"तुम्ही देवळात होतात ना, आई?"

आजींनी परडी खाली ठेवली, सुनेच्या हातातली पिशवी घेतली आणि वसुधाताईंना म्हणाल्या, "एकच नंबर लावा, ताई."