शालनच्या ब्लाउजची डावी बाजू

माझी बायको शालन गेल्याचा फोन आला, तेव्हा मी तिचंच ब्लाउज मशीनवर घेऊन बसलो होतो. तिच्या आजारपणात चौथ्यांदा बाजू आत घेत होतो. फोन ठेवला, उरलेली शिलाई पूर्ण केली आणि मग दुकान बंद केलं. असं का केलं ते मला सांगता येत नाही.

त्याला चार महिने झाले. दुपारी जेवून मी दुकानातच कापडाच्या गाठोड्याला टेकून पडतो. आज मांडीवर ते ब्लाउज आहे आणि शेजारी नूपुर गवाणकरांचा कागद. या बाई पुण्याला कॅन्सरवर संशोधन करतात. शालनच्या छातीतली गाठ काढली तेव्हा तिनं स्वतः सही करून त्यातला तुकडा त्यांना दिला होता. पुढे आजार यकृतात गेला. तिथलाही तुकडा तपासणीला काढला होता, तो दवाखान्यात मेणात घालून ठेवलाय. त्याच्यासाठी सही करायला शालन उरली नाही. आता माझी हवी आहे. मी कागद उघडतो आणि घडी घालून ठेवतो. पुन्हा त्याचे काप काढणार. तिला किती वेळा कापायचं?

पत्र्यावर कावळा चालतोय. त्याची नखं वाजतात, मग वाजत नाहीत.

ट्रायलच्या खोलीचा पडदा हलतो.

"अहो, जरा इकडं या."

मी पडदा सरकवतो. आत आरसा नाही, दवाखान्याचा वॉर्ड आहे. शालन खाटेवर बसली आहे. केस पूर्वीसारखे दाट. मला नवल वाटत नाही.

"कागद वाचला का?"

"वाचला. कळला नाही."

"शिंप्याला न कळायला काय झालं?"

खाट नाही, आमचं कापायचं टेबल आहे. त्यावरचं कापड दारातून पार रस्त्यापर्यंत गेलंय. शालन खडूनं खुणा करते.

"पेशीत आधी असा लांबलचक निरोप निघतो. आरएनए म्हणतात त्याला. मधले तुकडे काढायचे, राहिलेले जोडायचे. कुठं कापायचं ते प्रथिनं ठरवतात."

"म्हणजे कापड कापणारा मास्तर."

"व्हय. ह्या आजारात मास्तर बिघडतो. ठेवायचा तुकडा काढतो, काढायचा ठेवतो. मग पेशी आपली जागा सोडती आन् भलतीकडंच जाऊन बसती."

"कुठला मास्तर, ते कसं कळणार?"

"बाईंचा कॉम्प्युटर अंदाज करतो. पण अंदाजच तो. तुम्ही नुसत्या नजरेनं माप घेऊन पाटलीणबाईंचं ब्लाउज शिवलं होतं, आठवतंय?"

"बाहीत हात शिरला नव्हता."

"मग? अंगाला लावून बघाय नको?" ती हसते. "छातीतला तुकडा त्यांच्याकडं हाय. जिथं जाऊन बसलं, तिथला नाय."

ती माझ्या हातातलं ब्लाउज उलटं करते. आत चारही वेळची माया तशीच आहे. जादा कापड मी एकदाही कापलं नव्हतं. अंग भरलं की उसवून मोठं करता येईल म्हणून.

"हे टोचायचं मला. कूस बदलली की."

"बोलली का नाहीस?"

"कशासाठी ठेवलंय ते कळत होतं की." ती बाजूवरून बोट फिरवते. "आता कुणासाठी ठेवलंय? उसवा. आन् ते मेणातलं पण देऊन टाका."

"तुला दुखलं तर?"

"दुखायचं तेवढं दुखून झालं, अहो."

आम्ही दवाखान्याच्या व्हरांड्यातल्या बाकावर आहोत. ती कापड ताणून धरते. मी टाका तोडतो, दोरा ओढतो. तिच्या हाताला खडूचा वास आहे.

"मास्तर, हायसा का?"

बाहेर गिऱ्हाईक उभं आहे. मी डोळे उघडतो. मांडीवर दोऱ्याचे बारीक तुकडे पडलेत. ब्लाउजची डावी बाजू काखेपासून खालपर्यंत उसवलेली आहे. कात्री भिंतीवर खिळ्याला आहे, नेहमीच्या जागी.

"जरा बसा," मी म्हणतो. कागद उघडतो आणि सही करतो. पाकीट संध्याकाळी पोस्टात टाकेन.

उजवी बाजू उसवायची राहिली आहे.