फाटकावरचे आंबे

सून दशहरी आंबे कापायला बसली, की त्या वासाने मी उठून जातो.

सत्तरच्या दशकात लखनौच्या एका तुरुंगाच्या फाटकावर मी कारकून होतो. छावणीतल्या स्वयंपाक्याचा मुलगा, घराण्यातला पहिला बी.ए., नियमाला पक्का. बाहेरून आलेलं फळ कापून तपासायचं, हा नियम.

मलिहाबादहून एक बाई नवऱ्यासाठी आंबे घेऊन आली. "बाबूजी, एक तो साबुत छोड़ दीजिए. उन्हें चूसके खाना पसंद है."

"काटिए, काटिए!" शेजारचा वॉर्डर हसला. त्याच्याच माराने तिचा नवरा सकाळी मेला होता. वरून कागद येईपर्यंत बोलायचं नाही, असा साहेबांचा हुकूम होता.

नोकरी सांभाळतोय, असं तेव्हा मला वाटलं. शेवटचा आंबाही मी नीट कापून तिच्या टोपलीत ठेवला.

"शुक्रिया, बाबूजी," ती म्हणाली.