आबांचा चेहरा काढताना

एका जागी फार वेळ बसणं मला कधी जमलंच नाही. माझी चित्रंही तशीच. सांगलीत घाटावर उभं राहून नदी काढायची, मंडईत भाजीवाल्या बायकांची झटपट रेखाटनं करायची, रंग वाळायच्या आत पुढचा कागद घ्यायचा. व्यक्तिचित्रं मी टाळत आले. कुणाच्या तोंडाकडे तासन्‌तास बघत राहायचं म्हटलं की जीव वरखाली होतो.

पण गेल्या वर्षी शिरवळच्या घरी माझे वडील, आबा, स्वतःच म्हणाले, "साऱ्या गावाची चितरं काडतीस. माझं एक काड की."

फौजेत ट्रक चालवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. अर्धांगवायूच्या झटक्यातून ते नुकते उठले होते. हातपाय पुन्हा हलू लागले होते, पण तोंडाची उजवी बाजू खाली ओढलेली राहिली होती.

इस्त्रीचा सदरा घालून ते पडवीत बसले. हायवेवर हॉर्न वाजला की मान तिकडे वळायची.

"आबा, इकडं बघा."

"बघतोय की. किती ऱ्हायलं?"

मीही दर थोड्या वेळानं चहाच्या निमित्तानं उठत होते. खुर्ची जरा फिरवून चांगली बाजू काढावी, असं मनात आलं, पण फिरवली नाही. एकदा ते लडाखच्या रस्त्याची काहीतरी हकीकत सांगत होते, सांगता सांगता ओठ उजवीकडे ओढला गेला आणि विचार न करता मी तो तसाच रंगवून टाकला.

चित्र पुरं झाल्यावर त्यांनी बराच वेळ पाहिलं. "ह्यो मी न्हाई. ह्यो आजारी माणूस हाय."

"आवं, पोरीनं एवढी मेहनत केलीया," आई म्हणाली. आबांनी कॅनव्हास उचलला आणि भिंतीकडे तोंड करून ठेवला.

सांगलीला परतले, पण कागदावर हात चालेना. घाटावर गेले, नदी नुसतीच निळी होत राहिली. उघडं माळरान बघून मन थाऱ्यावर येईल म्हणून स्कूटर काढून कवठे महांकाळपर्यंत गेले, तर रंगांची पेटीसुद्धा न उघडता परत आले. मी बाप पाहिला होता, की त्याचं दुखणं? शेवटी ठरवलं, ते चित्र आणायचं आणि त्यावर पांढरा रंग फासायचा.

शिरवळला पोचले तर पडवीत चाचा बसले होते. आबांच्याच पलटणीतले ड्रायव्हर, शेजारच्या आळीतले. बरेच महिने कुंडलला लेकीकडे होते. मी कॅनव्हास घेऊन निघाले, तसा त्यांनी तो माझ्या हातातून ओढून घेतला आणि मोठ्यानं हसले.

"आरं गड्या, ह्यो तर तूच! हसताना असंच तोंड वाकडं करायचास. परेडला सायबानं झापलं न्हवतं का तुला?"

"ते येगळं," आबा पुटपुटले.

"काय येगळं? वहिनी, तुमीच सांगा."

"व्हय. पयल्यापास्नं तसंच हाय," आई आतूनच म्हणाली.

आबांनी चित्र पुन्हा एकदा न्याहाळलं. मग मला म्हणाले, "हातोडी आण."

खिळा चाचांनी ठोकला. चित्र जरा उंचच लागलं. तिघंही खुशीत होते. ते हसू मला मात्र ठाऊकच नव्हतं. माझ्या लहानपणी आबा वर्षातून एकदा सुट्टीवर यायचे, आणि मी दाराआडून बघायचे. मी आजार काढला होता, त्यांनी त्यात हसू पाहिलं. शाबासकी कशाची घ्यायची?

निघताना मी आबांना सांगून टाकलं, "तुमचं हसणं मला माहीत नव्हतं. मी दुखणंच काढलंय."

त्यांनी चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मग येत जा की. बघ नीट."

आता सवड मिळेल तेव्हा जाते. आबा आणि चाचांना शेजारी शेजारी बसवते. ते भांडतात, उठतात, रस्त्यावरची गाडी कुठली त्यावर पैजा लावतात. चाचांचा चेहरा काढून झालाय. आबांचा दर खेपेला काढते आणि पुसते.