मंगलच्या अंगात देवी नव्हती

न्हाई, आधी माझं ऐका! मंडळाच्या फळ्यावर मुद्दाम लिहितोय, पुसू नका.

आज देवळात हलगी कडाडली आणि माझी बहीण मंगल कान दाबून किंचाळायला लागली. तिला आवाज सोसत न्हाई. सांगलीचे डॉक्टर याला ऑटिझम म्हणतात. मी ओरडलो, "हलगी थांबवा!" तुमी आणखी जोरात वाजवली.

शेजारच्या काकूंनी तिला मळवट भरला, पाया पडून विचारलं, "आई, सुनेची कूस कवा उजवंल?"

एरवी याच काकू "तुमच्या येडीला आवरा" म्हणून दार लावतात.

घरी मळवट पुसताना आमची आई रडत म्हणाली, "आज पयल्यांदा कुणीतरी तिच्याजवळ बसलं रं."

उद्या ती नुसती मंगल म्हणून दारात आली, तर आत बस म्हणाल?

खडू खाली ठेवतोय. चाललो मी.