वीतभर वायर
काल टोस्टरच्या प्लगमधून जळक्या प्लास्टिकचा वास आला आणि परदेशातल्या अप्पर हट गावातलं, मी कामाला होतो ते ट्रकचं यार्ड आठवलं. हिवाळ्यात सगळीकडे दंव पडायचं, म्हणून डिझेल ट्रकचा इंजिन हीटर रात्रभर भिंतीवरच्या सॉकेटला लावून ठेवत. एका सकाळी आमच्या सुपरवायझरने प्लग न काढताच ट्रक मागे घेतला. ठिणगी उडाली, प्लगचे तुकडे झाले, असाच वास सुटला. आवाज ऐकून मॅनेजर धावत आला, तर माझ्यासारखाच पुण्याचा असलेला हा माणूस माझ्याकडे बोट दाखवून इंग्रजीत म्हणाला की, प्लग काढायचं याचं काम, हाच विसरला. मॅनेजर गेल्यावर मराठीत, "मनावर घेऊ नकोस रे, तू नवा आहेस, तुला चालून जातं. आता नवा प्लग तेवढा बसव." मी हसून हो म्हटलं. खराब झालेली वायर बोटभरच होती, मी चांगली वीतभर कापली. मग तिन्ही तारा नीट सोलल्या, स्क्रू घट्ट पिळले, कामात खोट ठेवली नाही. तो ट्रक रोज तोच चालवायचा. आता वायर पुरावी म्हणून त्याला बंपर भिंतीला जवळजवळ टेकवावा लागे आणि सकाळी त्या फटीत शिरून, दंवावर गुडघे टेकून प्लग काढावा लागे. अख्खा हिवाळा मी काचेआडून चहा फुंकत ते बघितलं. आज इतक्या वर्षांनी त्याची लाज वाटायला हवी. वाईट वाटतं ते एवढंच, की वीतभरच कापली.