गायिका : मंडळी

माझ्या बायकोच्या आवाजाची मालक फ्रान्सची एक कंपनी आहे, असा मेल आला तेव्हा मी एका डेकचा बेल्ट बदलत होतो. डेक म्हणजे कॅसेट वाजवायचं मोठं मशीन. आता ते कोणी वापरत नाही. पण जुनं गिऱ्हाईक घेऊन आलं तर मी परत पाठवत नाही. हाताला काम मिळतं. बायको जाऊन दोन वर्षं झाली. घरात दुसरं करण्यासारखं काही नसतं.

मेल ज्योतीनं वाचून दाखवला. ज्योती माझी एकुलती एक पोरगी, इथंच मलकापुरात नर्स आहे. आईच्या वर्षश्राद्धाला तिनं आईची जात्यावरची एक ओवी व्हिडिओच्या साइटवर टाकली होती. वर आईचा फोटो, खाली तिचा आवाज. वरवट बकालला बायकोचं माहेर. तिथल्या बहिणी, भावजया मोबाईलवर रोज ऐकायच्या. तो व्हिडिओ साइटनं काढून टाकला.

"बाबा, हे गाणं कॉपीराइटचं हाय म्हणते."

"आपलंच हाय ना ते?"

"नाई म्हणते. कंपनीचं हाय म्हणते."

"तुह्या मायचा आवाज कंपनीचा काऊन होईन वं?"

ज्योतीनं मेल पुन्हा वरपासून वाचला.

कॉपीराइट हा शब्द मला नवा नव्हता. स्टेशन रोडला माझं कॅसेटचं दुकान होतं. शिकलो सातवीपर्यंत, पण मशीन खोलून बसवता येत होतं. लोक कागदावर बारा गाणी लिहून आणायचे, मी ती कोऱ्या कॅसेटमध्ये भरून द्यायचो. परवानगी कोणाची? कोणाचीच नाही. ती चोरीच होती, सारा जिल्हा ती चोरी करत होता. म्हणून मला कोणी चोर म्हटलं तर राग येत नाही. पण हा आवाज मी कोणाचा चोरला नव्हता. माझ्याच घरात, माझ्याच माईकवर भरला होता.

वकिलाकडे गेलो. ते म्हणाले, बांधाचं भांडण असेल तर सांग, फ्रान्स माझ्या हद्दीत येत नाही. मग ज्योतीनंच सुट्टीच्या दिवशी बसून सगळं वाचलं आणि मला समजेल असं सांगितलं. ते तुम्हालाही सांगतो.

आधी तिकडे असा कायदा होता की नेटवरून गाणी चोरली तर एकदा तंबी, दुसऱ्यांदा तंबी, आणि तिसऱ्यांदा सापडला तर कोर्ट त्या माणसाचं नेटच बंद करू शकायचं. नेट बंद करायचा भाग त्यांनी पुढे काढून टाकला. मी ज्योतीला म्हटलं, हा कायदा मलकापूरला असता तर माझ्या दुकानाचं शटर पहिल्याच आठवड्यात पडलं असतं. नंतर साऱ्या युरोपात आणखी एक कायदा आला. गाणं टाकणारा तर दोषी आहेच, पण ज्या साइटवर टाकलं तिच्यावरही जबाबदारी. फ्रान्सनं तो लवकर लागू केला. त्यामुळे साइटवाले आता मशीन बसवून ठेवतात. मशीनजवळ प्रत्येक गाण्याचा जणू अंगठा घेऊन ठेवलेला असतो. तुम्ही काही टाकलं की मशीन अंगठा जुळवून पाहतं. जुळला की व्हिडिओ खाली. कोण मेलं, कोणाचं वर्षश्राद्ध, हे मशीन विचारत नाही.

म्हणजे आमच्या ओवीचा अंगठा त्या कंपनीजवळ होता. तो तिथं कसा गेला, ते मात्र मला माहीत होतं.

ज्योती लहान होती तेव्हा क्लेर नावाची एक फ्रेंच बाई आमच्या भागात बायकांची गाणी गोळा करत हिंडत होती. पुस्तकातून शिकलेलं मराठी बोलायची. जानेफळला तिचं रेकॉर्डर बंद पडलं म्हणून ती माझ्या दुकानात आली. त्याचा बेल्ट तुटला होता आणि त्या मापाचा बेल्ट इथं मिळत नव्हता. दुसऱ्या दिवशी तिची मुंबईची गाडी होती. तिचं तोंड उतरलेलं पाहून मी म्हटलं, आमच्या घरी चला, आमच्याकडेही गाणं आहे, माझ्या मशीनवर भरून देतो. भरलं, एक कॉपी तिला दिली, एक घरात ठेवली. ती गेली. मग तिनं गोळा केलेली गाणी एका कंपनीनं बाहेर काढली. त्यात ही ओवी होती.

इथपर्यंत मला राग नव्हता. मग ज्योतीनं कंपनीचं पान उघडलं. गाण्याच्या खाली इंग्रजी अक्षरांत गाणाऱ्याचं नाव होतं.

"मंदाली," ज्योतीनं वाचलं. "बायकांचा ग्रुप."

"कोण मंदाली?"

"मले काय माहीत, बाबा."

त्या दिवशी मी जेवलो नाही. व्हिडिओ गेला तर गेला, कॅसेटची कॉपी घरात होती. पण माझ्या बायकोचा आवाज कोण्या मंदालीच्या नावावर चढला होता. ती जिवंत असती तर हसून सोडून दिलं असतं. आता ती नाही. आवाज तेवढा शिल्लक आहे, आणि तोही दुसरीच्या नावानं. मी ज्योतीला म्हटलं, व्हिडिओचं नंतर पाहू, आधी ते नाव खोडायचं.

आम्ही कंपनीला लिहिलं. फॉर्ममध्ये गाणारीचं नाव विचारलं होतं. ज्योतीनं रेशन कार्डावरचं टाकलं, सुमन. आठ दिवसांनी एका बाईचं उत्तर आलं, आणि ते उत्तर माणसासारखं होतं. तिनं लिहिलं की आमच्या देशात गाणाऱ्याला स्वतःच्या नावाचा हक्क असतो. तो हक्क विकता येत नाही, माणूस मेला तरी तो मरत नाही. तो वारसाकडे जातो, मेलेल्या माणसाची आठवण सांभाळायला.

"हे पुन्हा वाच," मी म्हटलं. तिनं पुन्हा वाचलं.

पुढे लिहिलं होतं की आमच्या कागदांत हा बायकांचा ग्रुप आहे. गाणारी एकटीच होती आणि ती तुमचीच बायको होती, याचा काही पुरावा दाखवा, आम्ही बदलू. सोबत तिनं क्लेरबाईचा पत्ता लावून दिला होता. क्लेरबाई आता रिटायर, पण हयात.

ज्योतीनं व्हिडिओ कॉल लावला. समोर पांढऱ्या केसांची म्हातारी. मला पाहून तिनं हात जोडले. बायको गेली हे तिला सांगितलं. मग मी मुद्द्यावर आलो. म्हटलं, बाई, तुम्ही माझ्या घरचं पाणी प्याल्या, आणि आवाज मंदालीच्या नावावर चढवला?

तिनं जुनी वही आणली, चष्मा लावला, पान शोधलं.

"इथे लिहिले आहे. मी विचारले, ही कोण? नवरा म्हणाला, ही आमची मंडळी." तिनं मान वर केली. "मंडळी म्हणजे ग्रुप. पुस्तकात तसे आहे."

ज्योती माझ्याकडे पाहू लागली. मी मोबाईलच्या मागच्या भिंतीकडे.

घरात मी बायकोला 'अवं' म्हणायचो. शेजाऱ्यांजवळ 'ज्योतीची माय'. परका पाहुणा आला की शहाण्यासारखं 'आमची मंडळी'. नाव घ्यायची आमच्यात रीत नव्हती. तिनं माझं घ्यायचं नाही हे तर सगळ्यांना माहीत आहे, पण मीही तिचं कधी घेतलं नाही. मंदाली कोणी नव्हती. ती मीच लिहून दिली होती.

"मग नाव काय त्यांचे?" क्लेरबाईनं विचारलं.

मी तोंड उघडलं. आलं नाही. एवढ्या वर्षांत जिभेला सवयच लावली नव्हती. ज्योतीनं सांगितलं, सुमन. क्लेरबाईनं लिहून घेतलं. म्हणाली, मी साक्ष देते, पण माझ्या वहीत ग्रुप लिहिले आहे, माझ्या टेपवर फक्त गाणे आहे. गाण्याआधीचे काही आहे का?

होतं. माझ्याजवळ.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगतो. रेकॉर्डिंगच्या आधी लेव्हल लावावी लागते. म्हणजे आवाज मशीनला किती मोठा जातो ते पाहायचं. डेकवर एक सुई असते, ती लाल पट्टीत गेली की आवाज फाटतो. म्हणून गाणाऱ्याला सांगायचं, काहीतरी बोल, आणि सुई पाहून बटण कमीजास्त करायचं. त्या दिवशी डेक बाहेरच्या खोलीत होता, कारण त्याच्या मोटारीची घरघर माईकमध्ये येते. आत जात्याजवळ बायको आणि माईक. क्लेरबाई माझ्यासोबत बाहेर, मशीन पाहायला. मी रेकॉर्डचं बटण दाबलं आणि तिथूनच ओरडलो, काहीतरी बोल. हेडफोन कानाला नव्हता, आतलं बोलणं बाहेर कळत नव्हतं. सुई हलली, मी बटण फिरवलं, ठीक आहे म्हटलं, गाणं सुरू झालं. कॉपी करताना, टेप किती फिरली ते दाखवणाऱ्या काउंटरचा आकडा पाहून गाण्यापासूनच उचललं. बोलणं कापायचं, हा आमचा नियमच. गिऱ्हाइकाला गाणं पाहिजे असतं.

मूळ कॅसेट पत्र्याच्या डब्यात होती. तिच्या चिठ्ठीवर मी फक्त 'घर' लिहिलं होतं. दुकानातल्या हजार चिठ्ठ्यांवर सिनेमाचं नाव, गाणाऱ्याचं नाव सुवाच्य अक्षरात. हिच्यावर 'घर'.

टेपवर पांढरी बुरशी चढली होती. टेपच्या मागे फेल्टची छोटी गादी असते, ती टेपला हेडवर, म्हणजे आवाज वाचणाऱ्या तुकड्यावर, दाबून धरते. ती गळून पडली होती. मी दुसऱ्या कॅसेटची गादी काढून हिला बसवली. कापसाला स्पिरिट लावून टेप वीतभर वीतभर पुसली. तीन दिवस लागले. ज्योती म्हणाली, आणा इकडं, मी पुसते. मी दिली नाही. शेवटच्या महिन्यात आईचं अंग ज्योतीच पुसायची. हे काम माझं होतं.

मग डेकमध्ये टाकली. आवाज गोधडीखालून आल्यासारखा. हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो, तो केसभर फिरवला की हेड टेपला सरळ लागतं आणि आवाज उघडतो. मी डोळे मिटून स्क्रू फिरवत राहिलो. एका जागी जात्याच्या दांड्याचा खुळखुळ साफ आला. मग टेप मागं नेली, अगदी सुरुवातीला.

आधी मी, लांबून. "काहीतरी बोल."

मग ती, एकदम जवळून, जशी कानाशी.

"काय बोलू?" थोडं थांबली. "माहं नाव गोकर्णा. सोपानची पोरगी. वरवट बकालची." मग हसली, अगदी बारीक. "मंडळी म्हणते हे. मी तं एकलीच हाओ."

मग माझा आवाज, ठीक आहे, होऊ दे. आणि ओवी.

गोकर्णा हे तिचं माहेरचं नाव. लग्नात आमच्याकडच्यांनी सुमन ठेवलं. माहेरी गेली की भाऊ तिला गोका म्हणायचे. ज्योतीला ते लाडाचं वाटायचं. मला माहीत होतं, पण मी कधी आठवलं नव्हतं. कोणी विचारलं नाही तेव्हा ती माईकला सांगत होती. अन् मी सुई पाहत होतो.

ज्योतीनं टेप तीनदा ऐकली. मग माझ्या पाठीवर हात ठेवून बसली.

पुढचं काम कागदाचं. ज्योतीच्या मामांनी वरवट बकालहून तिचा शाळेचा दाखला पाठवला. तहसीलसमोर बसणाऱ्या अर्जनविसाकडून प्रतिज्ञापत्र करून घेतलं, सुमन उर्फ गोकर्णा, दोन्ही एकच. तो म्हणाला, "बुढेबाबा, बाई वारल्यावर उर्फ कायले पायजे?" मी म्हटलं, "फ्रान्सले पायजे. लिह्य तू."

टेप, दाखला, प्रतिज्ञापत्र, सगळं ज्योतीनं पाठवलं. क्लेरबाईनं तिची साक्ष जोडली. कंपनीच्या बाईचा एकच प्रश्न आला. दोन नावं आहेत, कोणतं लिहू? त्यासाठी कॉल झाला, मध्ये क्लेरबाई.

ज्योती उत्तर देणार होती. मी मोबाईल माझ्याकडे वळवला.

"गोकर्णा," मी म्हटलं.

क्लेरबाईला ऐकू गेलं नसावं. म्हणाली, परत सांगा.

"गोकर्णा. तिनं जे सांगतलं तेच लिव्हा."

महिन्याभरात पान बदललं. ज्योतीचा व्हिडिओही परत आला, कंपनीनंच मोकळा केला. आता त्या पानावर लिहिलं आहे, गोकर्णा, वरवट बकाल, जात्यावरची ओवी. त्याखाली फ्रेंचमध्ये दोनच शब्द आहेत. ज्योतीला विचारलं तर म्हणाली, एकटीचा आवाज. गाण्याला साथ नसली की तिकडं तसंच लिहितात. ग्रुप गेला.

'घर'च्या चिठ्ठीवर मीही नाव लिहिलं.

नवीन पोरं आता मोबाईलवर रेकॉर्डिंग करतात. सुई त्यांच्याकडेही असते, हिरव्या रेघेसारखी. कोणी विचारलं तर एवढंच सांगतो. लेव्हल लावताना सुई जरूर पाहा, पण हेडफोन कानाला लावून. समोरचा माणूस काहीतरी सांगत असतो.