वीस डबे दंतमंजन आणि एक फासा

माझ्या सख्ख्या बहिणीच्या लग्नात आम्ही वरपक्षाला माणशी एक डबा काळं दंतमंजन दिलं, आणि एक सोडून बाकी प्रत्येक डब्याला भोक होतं.

याचं खापर नातेवाईक अजून माझ्यावर फोडतात. फोडू देत! पण खरी गुन्हेगार मुंबईची एक कंपनी होती. (नाव घेत नाही. आमचे अप्पा वकील होते. अब्रुनुकसानी म्हणजे काय, हे मला पाळण्यातच कळलं होतं.)

आम्ही अमरावतीला राजापेठेत राहायचो. वऱ्हाड तेव्हा नुकतंच मुंबई राज्यात गेलं होतं. मी अकरा वर्षांची, मालूताई एकोणीसची. माझी वेणी ताई घालायची, माझी गणितं ताई सोडवायची, आणि सागरगोट्यांत मला मुद्दाम जिंकू देऊन वर "चिटिंग केली तुनं!" म्हणून डोक्यात टपलीही तीच मारायची. त्या दिवाळीनंतर तिचं लग्न ठरलं. मुलगा अकोल्याचा, शाळेत मास्तर. लग्न वैशाखात. घरात सगळ्यांना आनंदीआनंद, आणि मी न्हाणीघरात जाऊन रडायची.

अशात एका मासिकात जाहिरात दिसली. 'सागरसफर! घरबसल्या मुंबई ते लंडन! दोघांसाठी बुद्धिवर्धक खेळ!' त्यातल्या 'दोघांसाठी' या शब्दानं माझा घात केला. ठरवलं, ताई अकोल्याला जायच्या आधी तिच्यासोबत एकदा लंडनला जाऊन यायचं!

अप्पांनी जाहिरात दोनदा वाचली. "मुंबईची कंपनी दिसते. हरकत नाही. आता आपण मुंबई राज्यातच आलो. आपल्याच माणसांना ते कशाला फसवतील?"

अप्पांच्या एकूण राजकीय मतांपैकी हे सर्वांत वाईट ठरलं.

पोस्टमनला पैसे मोजून व्ही.पी.चं पार्सल सोडवलं. आत घडीचा पट. काय सुंदर होता म्हणून सांगू! निळाभोर समुद्र, त्यात देवमासे, दीपगृहं, आणि मुंबईहून निघालेली ठिपक्यांची वाट. ताई आणि मी बोटं फिरवत निघालो, आणि एडनला पोचल्यावर समुद्र संपला. पुठ्ठ्याच्या कडेला बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'पुढील प्रवास : भाग दुसरा. स्वतंत्र मागवावा.'

"मंग तवर काय एडनले बसून राहाचं का?" आईनं विचारलं.

बसायचीही सोय नव्हती. जहाजं नव्हती, फासा नव्हता! तेही 'स्वतंत्र'. सोबत मात्र बत्तीस नियमांचं पुस्तक होतं, ते कंपनीनं मोठ्या मनानं फुकट दिलं होतं.

"जाऊ दे ना," ताई म्हणाली. "कवड्या घेऊ, चिंचोके घेऊ. एडनपर्यंत तर जाऊन येऊ!"

अप्पांनी चष्मा लावला. "नियम चौथा. 'संपूर्ण संच हाती आल्याखेरीज खेळास प्रारंभ करू नये.'"

"अप्पा, कंपनी काय पाहायले येऊन राहिली का?"

"प्रश्न कंपनीचा नाही, मालू. प्रश्न कलमाचा आहे."

अप्पा दिवाणी वकील. वाट पाहणं हा त्यांचा धंदाच होता. आमच्यापाशी मात्र वैशाखापर्यंतचेच दिवस होते. भाग दुसरा यायला दीड महिना लागला. मग फासा आला, तो लाखेनं सील केलेल्या पाकिटात. वर छापलेलं, 'खेळाच्या प्रारंभीच फोडावे.' अप्पांनी तो खटल्यांच्या कागदांसोबत कुलपात ठेवला! राहिली जहाजं. ती तर विकतच मिळत नव्हती. कंपनीचं पत्र आलं की आमच्या कंपनीच्याच काळ्या दंतमंजनाच्या डब्यांवरची वीस कुपनं पाठवा, दोन जहाजं सप्रेम भेट मिळवा.

वीस डबे! मी दिवसातून चारदा दात घासायला लागले.

"दात घासून राहिली का भांडे?" आई ओरडली.

महिन्याभरात अर्धा डबा संपला, तोही जुना, बिनकुपनाचा. या वेगानं वीस कुपनं जमेपर्यंत ताईला नातवंडं झाली असती.

तेवढ्यात लग्नाची यादी सुरू झाली. आमच्याकडे वरपक्ष उतरतो ती जागा म्हणजे जानोसा. तिथे तेल, साबण, आरसा, फणी, दंतमंजन सगळं हाताशी मांडून ठेवावं लागतं. एक वस्तू कमी पडली की नवरदेवाची आत्या रुसलीच! आई सांगत होती, मी लिहीत होते. 'दंतमंजन' आलं आणि माझ्या डोक्यात दिवा पेटला.

"आई, एकाच डब्यात सगळे बोटं घालतील का? शोभते का ते? माणशी एक डबा ठेवू ना! अकोल्यात नाव होईल."

'अकोल्यात नाव होईल' म्हटल्यावर आई विरघळली. (नाव झालं. अजून आहे.)

पाहुणे मोजून त्याच कंपनीचे वीस डबे आले. कुपन पुठ्ठ्याच्या डब्यावरच छापलेलं. पाण्यानं निघेना, वाफेनं निघेना. शेवटी घेतली कातर. एकोणीस कुपनं कापली. विसावा डबा आईनं खास नवरदेवासाठी म्हणून त्याच्या कपड्यांसोबत कपाटात ठेवला होता, आणि किल्ली तिच्या कमरेला. भोकांवर मी खळीनं कागद चिकटवले. खळ वाळायच्या आत डबे जानोशात पोचले.

वैशाखातली दुपार. अकोल्याची मंडळी जेवून पांढऱ्याशुभ्र गाद्यांवर आडवी झाली. उशाशी माणशी एक डबा. कोणाचा हात लागला, कोणाचा पाय लागला, कागद सुटले. आणि सीमांतपूजनाच्या वेळेला मंडळी उठली तेव्हा एकजण दुसऱ्याला ओळखेना!

आत्याबाई तशाच आमच्या दारात आल्या. एक गाल गोरा, एक गाल काळा, हातात रिकामा डबा.

"विहीणबाई! आमचे तोंडं वास मारून राहिले का, म्हणून माणशी डबा? अन् तोही उंदरानं कुरतडलेला?"

"उंदीर कुठले जी, नवे कोरे डबे..." आईनं डबा फिरवून पाहिला आणि थांबली. "इतका चौकोनी उंदीर आमच्या घरी एकच आहे. सुमे!"

मी धान्याच्या कोठीमागे होते. तिथून मला काढलं गेलं.

"आमाले नाई असल्या घरची पोरगी करायची!" आत्याबाई कडाडल्या. "पूजन नाई अन् काई नाई!"

दाराआड ताई उभी होती, पांढरी पडलेली. क्षणभर, अगदी क्षणभर, वाटलं की लग्न मोडलं तर ताई राहील. आणि तसं वाटल्याची लाज अजून गेली नाही.

"कबूल की नाकबूल?" अप्पांनी विचारलं.

"कबूल!" मी भोकाड पसरलं, आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. एडन, जहाजं, कुपनं. "अन् मले ताईसोबत एकदा खेळाचं होतं, मंग तुमी तिले घेऊन जासान ना!"

आत्याबाईंच्या मागे नवरदेव येऊन उभे होते, अर्धी मिशी जास्तच काळी झालेली. तेच आधी हसले.

"आत्या, राहू दे ना वं. पोट्टीले लंडनले पोचू दे आधी."

आत्याबाईंनी त्यांच्या मिशीकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या आरशात स्वतःच्या गालाकडे पाहिलं. "अवं माय!" म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून खुदुखुदू हसायला लागल्या. लग्न झालं.

निघताना ताईनं मला घट्ट धरलं आणि माझ्या मुठीत पुठ्ठ्याचा एक चौकोन कोंबला. विसावं कुपन! भाऊजींनी दाढीच्या पात्यानं कापून दिलं होतं.

"जहाजं आले की ये," ती कानात म्हणाली. "तुह्याशिवाय मी नाही खेळत कोणासोबत."

जहाजं श्रावणात आली. पत्र्याची, अंगठ्याएवढी. मी एकटीच पट मांडायची, जहाजं मुंबईच्या बंदरात उभी करायची आणि परत डब्यात ठेवायची. ताईच्या सासूबाई आजारी, त्यामुळे दिवाळीलाही तिला येता आलं नाही. प्रत्येक पत्राच्या शेवटी मात्र एक ओळ असायची, 'जहाजं कशी आहेत?' ती ओळ वाचली की मला जेवण जायचं नाही. अख्खं लंडन देऊन टाकलं असतं मी तिच्या एका टपलीसाठी!

त्या हिवाळ्यात अप्पांची अकोल्याच्या कोर्टात तारीख लागली. त्यांनी फाशाचं पाकीट कुलपातून काढून दिलं आणि मला सोबत नेलं. खेळाचा डबा मी बडनेऱ्यापासून अकोल्यापर्यंत मांडीवर धरून बसले.

ताई वाळली होती. दोन वाजेपर्यंत तिची कामं चालली. मग सासूबाईंचा डोळा लागला आणि ती हात पुसत माझ्यासमोर येऊन बसली. "मांड!"

मांडला. एडन ओलांडून थेट लंडनपर्यंत! नियम पहिला मोठ्यानं वाचला, 'सहाचे दान पडल्याखेरीज जहाज बंदर सोडणार नाही.' मग पाकिटाची लाख फोडली.

एक, दोन, तीन, चार, पाच. सहावी बाजू कोरी.

मी फासा फिरवून पाहिला, ताईनं फिरवून पाहिला. कोरीच! जवळजवळ वर्षभर कुलपात जपलेल्या फाशाला सहाच नव्हता! आम्ही तोंडात पदर कोंबून इतक्या हसलो (मी ताईचाच पदर घेतला) की आत सासूबाई खोकल्या.

मग ताई उठली, काजळाची डबी आणली आणि केसातल्या आकड्यानं कोऱ्या बाजूवर सहा ठिपके दिले. "हे घे. झाले सहा. टाक!"

आणि मी, जिनं यासाठी एकोणीस डबे फाडले, ती मी काय म्हणाले?

"ताई, हे नियमात नाही बसत. कंपनीला लिहू, ते बदलून देतील. मग नीट खेळू."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. "सुमे, मले एक डाव खेळाचा होता वं."

"पण सहा छापलेला पाहिजे ना!"

तिनं पदरानं काजळ पुसलं. आम्ही कंपनीला कार्ड लिहिलं. मग चहाची वेळ झाली, आणि अप्पा आले.

परतीच्या गाडीत मूर्तिजापूरच्या आसपास अप्पांनी विचारलं, "काय, पोचलात का लंडनला?"

मी सगळं सांगितलं. मला शाबासकी हवी होती. अप्पांनी चष्मा काढला.

"कोऱ्या बाजूबद्दल नियमात काही लिहिलं आहे?"

"नाही."

"मग दोन्ही पक्षांनी मिळून ठरवायचं असतं, बेटा. मालूनं ठरवलं होतं. हरकत तू घेतलीस." चष्मा पुसत म्हणाले, "मी असतो तर खेळलो असतो."

बडनेरा येईपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून रडले.

पंधरा दिवसांनी कंपनीचं उत्तर आलं. 'सहा अंकी फासा स्वतंत्र मागवावा.'

त्यानंतर ताई आणि मी खूपदा भेटलो. बारशी, मुंजी, आजारपणं. दोघींना दुसरं काहीच काम नाही अशी दुपार मात्र पुन्हा मिळाली नाही. कंपनीनं आम्हाला लुबाडलं, हे मी आयुष्यभर येईल त्याला सांगत आले. पण त्या दुपारी अकोल्यात कंपनीचा एकही माणूस हजर नव्हता. तिची बाजू मांडली ती मीच, आणि केसही जिंकून दिली. अप्पा निदान फी तरी घ्यायचे!